डावा कोपरा

१५ ऑगस्ट २०२४, गुरुवार

वजन ८४.६. कालच मी कामाला आहे त्या जिनिंग मिलमधल्या गाठींच्या काट्यावर उभा राहून बघितलं. कापसाची गाठ भरते १७० किलो. पुरुष गटाची मर्यादा ८५. म्हणजे मी अर्धी गाठ. अर्ध्या गाठीच्या वर गेलो की संघाबाहेर.

मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव. मोबाईलवर बघत बसलो. सचिन तंवर २ कोटी १५ लाख. चढाईवाला. शादलू २ कोटी ७ लाख. तो मात्र डाव्या कोपऱ्यातला. जरा बरं वाटलं. २०१४ च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग राकेश कुमार होता, १२ लाख ८० हजार. त्या आकड्यालाही आम्ही पारावर बसून तोंडात बोटं घातली होती.

फाजल अत्राचली ५० लाख, बंगाल वॉरियर्स. इराणचा. डावा कोपरा. जन्म १९९२. माझंही साल तेच.

आपला लिलाव झालेला नाही. २०१६ ला पुण्यात एका चाचणीला गेलो होतो. पहिल्या दिवशी २०० पोरं. दुसऱ्या दिवशी ४०. त्या ४० त मी होतो. तिसऱ्या दिवशी नव्हतो.

१८ ऑगस्ट

वहीच्या मागच्या पानांवर रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी. २०११ पासूनच्या पकडी. आज बसून मोजल्या. ६११.

आमच्याकडे दोनच आकडे लिहितात. या संघाचे गुण, त्या संघाचे गुण. कोणी कोणाला धरलं हे कोण लिहितो? म्हणून मी लिहितो.

२२ ऑगस्ट

सराव. शाळेमागच्या मैदानात चिखल. पोरं म्हणाली मॅट लावू. मॅट ओली करायची नाही, आमचे प्रशिक्षक बापू ओरडले. मातीतच खेळलो. मातीत घोटा कोरडा लागतो, पाय अनवाणी, बोटं बसतात. मॅटवर बूट, मोजा, घोट्याला पट्टी. धरलं तरी मोजाच हातात राहतो.

डावा गुडघा उतरताना कट् वाजला. दुखलं नाही. नुसता वाजला.

१ सप्टेंबर, रविवार

उद्या पोळा. आज खांदामळणी. दादाने बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळलं. एकच जोडी उरली आहे आमच्या गल्लीत, ती आमची. बाकी सगळीकडे ट्रॅक्टर.

वाटीत थोडं उरलं. मायने ते घेतलं आणि माझ्यासमोर बसली.

"दुखस का रे?"

"नही."

तरी गुडघ्याला चोळलं. बैलाला चोळतात तसंच, तळहाताने, जोर लावून. बैलही काही बोलत नाही, मीही बोललो नाही.

११ सप्टेंबर

गणपतीतले सामने, धुळ्याजवळ. रात्री साडेअकराला आमचा नंबर लागला. चार पकडी. ६१५.

चौथी लिहून ठेवतो.

त्यांचा चढाईवाला उंच, डावखुरा. सारखा माझ्या बाजूला येत होता. बोनससाठी. मैदान साडेसहा मीटर खोल. मध्यरेषेपासून पावणेपाच मीटरवर बोनस रेषा. तिच्यामागे अंतिम रेषेपर्यंत उरतात पावणेदोन मीटर. तेवढं माझं राज्य. बोनसला त्याचा एक पाय रेषेच्या आत टेकला पाहिजे आणि दुसरा हवेत पाहिजे. म्हणजे त्या घडीला तो एका पायावर असतो. मला तेवढी घडीच हवी असते.

दोनदा त्याने पाय दाखवला. मी हललो नाही. खोटा होता. खोट्या पायात टाच वर राहते, भार मागेच असतो. तिसऱ्यांदा टाच टेकली. मी छातीवर पडलो आणि दोन्ही हातांनी घोटा धरला. पडल्यावर आपल्याला काही दिसत नाही. तोंडात माती. फक्त हातात घोटा आणि तो ओढतो आहे मध्यरेषेकडे. एक, दोन, तीन. मग वरून धप्पकन वजन पडलं. माझ्या शेजारचा कव्हर, जिभाऊ आला. शिट्टी.

पायाकडे बघायचं, तोंडाकडे नाही. बापूंनी पहिल्या वर्षी शिकवलं ते एवढंच.

दुसरा नंबर. ११,००० रुपये, दहा जण. उत्कृष्ट चढाईचं बक्षीस पंखा. उत्कृष्ट पकडीचं बक्षीस ठेवलंच नव्हतं.

१२ सप्टेंबर

गुडघा सुजला. मिलमध्ये खुर्चीवर पाय ठेवून बसलो. मॅनेजर बघून गेला. काही बोलला नाही.

२० सप्टेंबर

खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाची जागा. प्रमाणपत्र पडताळणीची फाईल. कार्यालयात गेलो. साहेब मीटिंगला. शिपाई म्हणाला, फाईल वर गेली. वर म्हणजे कुठे, विचारलं. वर म्हणजे वर.

येताना पारोळा चौफुलीवर वडापाव.

२१ सप्टेंबर

पोरीने विचारलं, पप्पा तुम्ही कबड्डी-कबड्डी म्हणता का? म्हटलं, नाही, ते समोरचा म्हणतो. मग तुम्ही काय म्हणता? काहीच नाही. मग तुम्ही काय करता?

वाट बघतो.

१२ ऑक्टोबर, दसरा

आपट्याची पानं. संध्याकाळी गावातल्या गावात सामना. तीन पकडी. ६१८. शेवटी आम्ही तिघंच मैदानात होतो. तिघं किंवा कमी असताना धरलं की दोन गुण, अव्वल पकड. कमी माणसं उरली की माझं डोकं शांत होतं. सात जण असताना उलट गडबड होते. असं का, माहीत नाही.

१६ ऑक्टोबर

आचारसंहिता लागली. दिवाळीतले सगळे सामने रद्द. प्रत्येक बॅनरवर कोणी ना कोणी नेता, बक्षीस त्याच्याच नावाचं. आता २३ नोव्हेंबरच्या निकालापर्यंत कबड्डी बंद. जिभाऊ म्हणाला, निवडून कोणीबी येवो, ट्रॉफी ठरेल आहे ना?

गुडघ्याला बरं. सक्तीचा आराम.

१८ ऑक्टोबर

प्रो कबड्डीचा अकरावा हंगाम सुरू. हैदराबाद. पवन सेहरावतचा तेलुगू टायटन्स जिंकला. सगळ्यांनी पवन बघितला. मी दोन्हीकडचे कोपरे बघितले.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

काट्याची पूजा. मिलच्या मालकाने केली. हळद-कुंकू, नारळ. पहिला ट्रॅक्टर आमच्या दादाच्या कापसाचाच निघाला. भरलेलं वजन, मग रिकामं वजन, वजा करायचं, पावती. दादाच्या ट्रॉलीला हात थरथरला नाही, पण दोनदा बघितलं.

हमीभाव लांब धाग्याला ७,५२१. खेड्यावर व्यापारी सातच्या आत मागतो. सीसीआयला द्यायचा तर ओलावा १२ च्या आत हवा. सकाळचा वेचलेला कापूस दवाने जड. दादा म्हणतो, वाळवून देऊ. वहिनी म्हणते, पैसे आज लागतात.

वजन ८५.१. फराळ बंद.

९ नोव्हेंबर

बायको शेवभाजी करून बसली. एक भाकरी खाल्ली. ती म्हणाली, कोणासाठी वजन कमी करता? नोकरीसाठी की खेळासाठी? उत्तर दिलं नाही. भाजीचा रस्सा तेवढा घेतला.

२० नोव्हेंबर

मतदान. बोटाला शाई. तेच बोट घोटा धरताना पहिलं लागतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

निकाल काल लागला आणि आज सामने. विजयाचे. गुलाल अजून मैदानात. बसलो तिथे चड्डी गुलाबी.

एक पकड. ६१९.

त्या एका पकडीवर भांडण. भांडण नाही, बोलणं. घरी येताना मोटरसायकलवर जिभाऊ मागे होता. मी म्हटलं, ६१९ झाल्या. तो म्हणाला, कसल्या? वहीचं सांगितलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा कोणाला सांगितलं असेल.

तो बराच वेळ गप्प. एरंडोल मागे पडलं. मग म्हणाला, "मन्हीबी मोज ना भो."

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, तू घोटा धरस. तो तुले ओढत मध्यरेषेवर लई जास. मी नही उनू तं काय व्हई?

१९९२ पासून शेजारी राहतो. २०१३ पासून माझा कव्हर. वहीत त्याची एक रेघ नाही.

२५ नोव्हेंबर

मागची पानं उघडली. कोणती पकड एकट्याची, कोणती दोघांची, आता कसं कळणार? सगळ्या रेघा सारख्याच.

२९ नोव्हेंबर

फाजलने या हंगामात ५०० ओलांडले. पकडीचे ५०० गुण करणारा प्रो कबड्डीतला पहिलाच. त्याचे मोजायला माणसं आहेत, कॅमेरे आहेत, पडद्यावर आकडा येतो. तिथेसुद्धा गुण एकाच्याच नावावर पडतो. बाकीचे तिघं अंगावर पडलेले असतात. ते उठतात, माती नसतेच तिथे, नुसतेच झटकतात.

५ डिसेंबर

थंडी. मिलमध्ये पहाटे शेकोटी. ट्रॅक्टरची रांग हायवेपर्यंत. ड्रायव्हर ट्रॉलीवर कापसात झोपतात. सगळ्यात उबदार झोप त्यांची.

रविवारी जिल्ह्याची निवड चाचणी. जळगाव. ८५.४.

७ डिसेंबर

सकाळपासून पाणी नाही. दोन स्वेटर घालून धावलो, पारोळ्याच्या किल्ल्याला तीन फेऱ्या. चौकीदार म्हणाला, भाऊ कोण मागे लागलंय?

रात्री ८४.९. तोंड चिकटलं. लिंबाची फोड चोखून झोपलो. झोप नाही.

८ डिसेंबर, रविवार

जळगाव. वजन दिलं. ८४.८. केळी खाल्ली दोन. पंचांनी नखं बघितली, अंगाला तेल आहे का बघितलं. नेहमीचं.

तिसरा सामना. समोर एकोणीस वर्षांचं पोरगं, भुसावळकडचं. हलकं, सत्तर-बहात्तर किलो. खोटा पाय ओळखला. खरा पाय ओळखला. पडलो. घोटा हातात आला. त्याने उडी मारून वळण घेतलं, मी सोडलं नाही. माझं शरीर त्याच्याबरोबर फिरलं. डावा पाय फिरला नाही.

आवाज मलाच आला. बाकी कोणाला नाही, म्हणतात.

हात सोडला नव्हता. जिभाऊ सांगतो. तो आला तेव्हा घोटा माझ्या हातातच होता. त्याने आधी पोराला बाहेर ढकललं, मग माझ्याकडे बघितलं. बरोबर केलं त्याने.

गुण मिळाला.

९ डिसेंबर

यादी लागली. बघितली नाही.

११ डिसेंबर

धुळे. एमआरआय. मशीनमध्ये अर्धा तास आडवा. कानात कापूस दिला. कापूसच.

लिगामेंट पूर्ण तुटलं. डॉक्टर म्हणाले, चालायला, बसायला, गाडी चालवायला होईल. ऑपरेशन केलं तर आणखी चांगलं. खेळायला? वय किती? बत्तीस. त्यांनी पेन खाली ठेवलं.

१२ डिसेंबर

रविवारची पकड लिहायची की नाही?

नाही लिहिली. ६१९.

१३ डिसेंबर

नाही लिहिली ते बरोबर नाही. पण रेघ ओढायला हात जात नाही.

२९ डिसेंबर, रविवार

प्रो कबड्डीचा अंतिम सामना, बालेवाडी. जिभाऊ घरी आला. पाय उशीवर. बायकोने कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं. दोन भाकरी खाल्ल्या. तिने तिसरी विचारलीच नाही, ताटात टाकली.

हरियाणा ३२, पाटणा २३. हरियाणा पहिल्यांदाच जिंकले. पाटण्याच्या उजव्या कोपऱ्यात आपला शुभम शिंदे, चिपळूणकडचा. पाटणा हरलं तेव्हा कॅमेरा चढाईवाल्यांवर. शुभम कडेला कुठेतरी असेल.

हरियाणाचा शादलू नाचला. जिभाऊ म्हणाला, हाऊ येडा शे का? पण बघत होता.

निघताना दारात थांबला. "आते बस कर ना भो." इतकंच.

५ जानेवारी २०२५

अमेरिकेतून मावसभावाचा फोन. टेक्सासमध्ये असतो. दर रविवारी त्याच्या ऑफिसातले लोक फुटबॉल बघतात, तिकडचा, हाताने खेळतात तो. म्हणाला, तिकडेही तुझ्यासारखे असतात. फक्त अडवणारे. चेंडू टाकणाऱ्याला टाकायच्या आत आडवं करायचं, त्याचा वेगळा आकडा ठेवतात.

अॅरन डोनाल्ड नावाच्या माणसाचे व्हिडिओ पाठवले. १२५ किलोच्या आसपास. त्याच्या जागेवर खेळणाऱ्यांत तोही लहानखुरा समजला जायचा. दहा हंगाम, एकच संघ, १११ वेळा आडवं केलं. वर्षातला सर्वोत्तम बचावपटू तीनदा. गेल्या मार्चमध्ये थांबला. वय ३२. गुडघा तुटला नव्हता, काही तुटलं नव्हतं. पुरे म्हणाला.

मावसभाऊ सांगतो, तिकडच्या खेळाडूंच्या संघटनेनेच आकडा काढला आहे, सरासरी कारकीर्द ३.३ वर्षं. मी म्हटलं, माझी तेरा झाली. तो म्हणाला, मग तू जिंकलास. त्यांना करोडो मिळतात, म्हटलं. तो म्हणाला, हां, ते आहे.

डोनाल्डचे व्हिडिओ रात्री परत बघितले. तोही तोंडाकडे बघत नाही. समोरच्याच्या हाताकडे बघतो.

१९ जानेवारी

खो-खोचा पहिला विश्वचषक. दिल्ली. आपली पोरं-पोरी दोन्ही जिंकली. पोरींची कर्णधार प्रियांका इंगळे, महाराष्ट्राची. आमची पोरगी घरातल्या घरात खो देत फिरली. तीनदा माझ्या गुडघ्यावर आपटली.

३ फेब्रुवारी

कामावर. काट्यावर बसून होतं. हरकत नाही. पायऱ्या उतरताना पाय सरकतो, आधी डावा टेकायचा हे लक्षात ठेवावं लागतं. लहान मूल शिकतं तसं.

वजन ८८.

१७ फेब्रुवारी

फाईल परत आली. एक सही कमी आहे. ज्यांची सही हवी ते निवृत्त.

१० मार्च

ऑपरेशन नको म्हटलं. खर्च, आणि तीन महिने काम बंद. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मिलवाल्यांनी काटा दुसऱ्याला दिला असता, खरं आहे.

३० एप्रिल, अखाजी

माहेरवाशिणी आल्या. निंबाला झोके. ऊन असं की झोक्याची दोरी हाताला भाजते. पोरीला दहा झोके दिले, उभ्याने.

संध्याकाळी गौराई नदीवर गेली आणि पारावर म्हातारे जमले. एक आबा सांगत होते, त्यांच्या वेळी हुतूतूच म्हणायचे. काळ्या मातीत, चांदण्यात. रेषा राखेने ओढायची. डावाला बसला तो बसला, पंच नाही, भांडण झालं की दोन्हीकडच्या आया येऊन सोडवायच्या.

मग पोरांनी मैदान आखलं. मला म्हणाले, पंच व्हा. शिट्टी दिली. पहिल्याच चढाईला मी डाव्या कोपऱ्याकडे बघत बसलो आणि उजवीकडे बोनस गेला तो दिसलाच नाही. पोरं ओरडली. माफी मागितली.

१ जून

पुढच्या हंगामाचा लिलाव झाला. प्रदीप नरवालवर बोली लागली नाही. प्रदीप! चढाईचे १,८०० च्या वर गुण, पाटण्याला सलग तीनदा विजेतेपद. वय २८. त्याचा प्रत्येक गुण मोजलेला, प्रत्येकाचा व्हिडिओ. तरी हात वर झाला नाही.

जिभाऊला फोन केला. तो शेतात होता. म्हणाला, पाऊस पडू दे आधी.

१५ जुलै

कबड्डी दिन. बुवा साळवींची जयंती. शाळेत फोटोला हार. बापूंनी पोरांना सांगितलं की, हा खेळ बर्लिनला १९३६ मध्ये दाखवला, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने. आशियाई खेळांत आला १९९० मध्ये. पोरं म्हणाली, सर, जर्सी कधी?

बापूंनी खिशातून कागद काढला. पंच परीक्षेचा अर्ज. माझं नाव आधीच लिहिलेलं. सही तेवढी माझी.

२ ऑगस्ट

नियमांचं पुस्तक पहिल्यांदा नीट वाचतोय. तेरा वर्षं खेळलो ते पुस्तक न वाचता. तोंड दाबून दम तोडायचा नाही. पायांची कात्री घालायची नाही. चढाई ३० सेकंद. सगळं माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि कलम क्रमांकासह पाठ असणं वेगळं. पोरगी प्रश्न विचारते, मी उत्तर देतो. चुकलं की तीच शिट्टी वाजवते.

वजन ९१. काटा तोच.

७ सप्टेंबर

पास. बायकोने पेढे आणले. माझ्याच पैशाचे, पण आणले.

३१ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

अंतिम सामना दिल्लीत. दबंग दिल्ली ३१, पुणेरी पलटण २८. आपले हरले. पण दिल्लीच्या डाव्या कोपऱ्यात फाजल. तेहेतीस वर्षांचा. शेवटपर्यंत मैदानात. पलटणसाठी वाईट वाटलं आणि त्याच्यासाठी बरं वाटलं. दोन्ही एकाच वेळी, एकाच घोटात.

९ नोव्हेंबर, रविवार

शालेय मुलींचे सामने. मला गुणलेखकाचं टेबल दिलं. मुलींचं मैदान लहान, १२ बाय ८. उन्हात टेबल, त्यावर घड्याळ, पट्टी, दोन पेनं.

एका संघाच्या डाव्या कोपऱ्यात एक पोरगी. बारीक. कोणाचं लक्ष नाही तिच्याकडे. टाच बघते. तोंडाकडे बघत नाही. तिच्या शेजारची कव्हर जाडसर, उशिरा येते पण येते.

पाच पकडी झाल्या. पाचही वेळा घोटा कोपऱ्यातलीने धरला, पाचही वेळा ढकललं कव्हरने.

गुणपत्रकात संघाचे गुण लिहिले. रकाना तेवढाच.

घरी येऊन वही काढली. नवं पान. डावा कोपरा, ५. डावा कव्हर, ५.

मग मागे गेलो. ६१९ च्या पुढे ८ डिसेंबरची रेघ ओढली. ६२०. खाली जिभाऊचं नाव लिहिलं. त्याच्या नावापुढेही ६२०. त्यातल्या काही त्याच्या नसतील. असू देत.